रिकाम्या खुर्चीसमोर बाबा रडले

माणसं गोळा करण्यात त्या काळी माझा हात धरणारा कोणी नव्हता! ही फुशारकी नाही, असं म्हणायची पद्धत आहे. पण आहे ती फुशारकीच. टीव्ही केंद्रात माझं कामच ते होतं. कागदोपत्री माझा हुद्दा ‘कार्यक्रम सहायक, तात्पुरता’. प्रत्यक्षात दर आठवड्याला ‘बसा, बोलूया’ या गप्पांच्या कार्यक्रमासाठी स्टुडिओतल्या खुर्च्या माणसांनी भरून द्यायच्या. शाळांतून, बँकांतून, वाचनालयांतून मी माणसं उचलायचो. एकदा तर बसथांब्यावरची अख्खी रांग उचलून आणली होती. बिचाऱ्यांची बस चुकली, पण टीव्हीवर दिसले!

आजच्या लोकांना त्या दिवसांची मजा सांगून कळायची नाही. वाहिनी एकच. लावायची की नाही, एवढाच काय तो प्रश्न. टीव्ही लाकडी कपाटात असायचा, कपाटाला सरकती दारं असायची आणि ती दारं उघडायचा मान घरातल्या कर्त्या माणसाचा. आणि गप्पांच्या कार्यक्रमात माणसं खरोखर गप्पा मारायची हो! एक जण बोलायचा, दुसरा ऐकायचा आणि पहिल्याचं संपलं की मगच दुसरा सुरू करायचा. आता असलं काही दाखवलं तर लोकांना वाटेल, टीव्ही बिघडला. मला त्या दिवसांची फार आठवण येते. बाबांची तर येतेच येते. म्हणून तर हे सांगायला बसलोय.

आता धंद्यातली एक गोम सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. केंद्रात कॅमेरे तीन, त्यातला एक कायम दुरुस्तीला. उरले दोन. एक पाहुण्यावर, दुसरा प्रश्न विचारणाऱ्या ताईंवर. मग प्रेक्षक टिपायचे कधी? तर पाहुणा यायच्या आधी! म्हणजे लोकांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून आधी हसायचं, मग गंभीर व्हायचं, मग मान डोलवायची, टाळ्या वाजवायच्या आणि सगळ्यात शेवटी डोळे पुसायचे. एवढा माल भरून झाला की प्रेक्षकांवरचे दिवे बंद. मग पाहुणा येणार, बोलणार, जाणार. पुढे संकलक जिथे जो शोभेल तो चेहरा चिकटवणार.

प्रेक्षकांकडून हे सगळं करून घेणाऱ्या फ्लोअर मॅनेजरला आम्ही ‘हातवारे’ म्हणायचो. चित्रीकरण चालू असताना बोलायची सोय नाही, म्हणून तो सगळं हातांनीच सांगायचा. ती सवय इतकी हाडीमाशी भिनली होती, की कँटीनमध्ये चहाही तो हवेत गोल काढून मागवायचा. आणि एवढं सगळं करून कार्यक्रमाच्या सुरुवातीला ताई गोड आवाजात सांगणार, “प्रेक्षकांच्या उत्स्फूर्त प्रतिसादासह!”

निर्माते साहेबांची सक्त ताकीद होती. “ही गोष्ट ज्याच्या तोंडून बाहेर फुटेल, तो दुसऱ्या दिवशी घरी!” आणि मी तर तात्पुरता. मला घरी पाठवायला दुसरा दिवस उजाडायचीही गरज नव्हती.

त्या आठवड्याच्या पाहुण्या होत्या एका मोठ्या इस्पितळातल्या निवृत्त मेट्रनबाई. म्हणून प्रेक्षकांत मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींची अख्खी बस ठरवली होती. सगळं कसं आखीव! आणि ऐन वेळी फोन आला, बस वाटेत बंद पडली. मुली ढकलतायत, बस हलत नाही.

मी स्टुडिओत डोकावलो. रिकाम्या खुर्च्या, आणि त्यांच्याकडे बघणारे साहेब. मी पळत सुटलो. आमचं घर केंद्राच्या मागच्याच रस्त्याला. आमच्या इमारतीत तळमजल्यावर डेंटिस्ट होता, त्याची वेटिंग रूम भरलेली. “टीव्हीवर यायचं का?” म्हटल्यावर गाल सुजलेले सगळेच्या सगळे उठले. डेंटिस्ट हातात चिमटा घेऊन ओरडत राहिला. शेजारच्या न्हाव्याकडून दोन गिऱ्हाइकं उचलली, त्यातल्या एकाची दाढी अर्धीच झाली होती. त्याला म्हटलं, “काका, तुम्ही डाव्या बाजूला बसा. कॅमेरा उजवीकडून आहे.”

मग मी घरी शिरलो. सुटीचा दिवस. बाबा पेपर वाचत होते, आई स्वयंपाकघरात.

“चला लवकर! दोन खुर्च्या तुमच्या!”

“मी येते की!” आई हात पुसत बाहेर आलीसुद्धा.

बाबांनी पेपर खाली केला. “तू येतेस? मग जेवणाचं काय?”

आई थांबली. मग “जा तुम्ही दोघं” म्हणून परत आत गेली.

इथे घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आईची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, लांबच्या गावी राहायची. दरवर्षी तिचं बोलावणं यायचं, “ताई, एक महिना ये गं माझ्याकडे.” दरवर्षी आई माळ्यावरची बॅग खाली काढायची, पुसायची. बाबा म्हणायचे, “जा की! मी कधी नाही म्हटलंय? पण घराचं कसं?” मग आई बॅग पुन्हा माळ्यावर ठेवायची. बाबा काही दुष्ट नव्हते. त्यांना खरंच तो प्रश्न पडायचा आणि त्याचं उत्तर त्यांना खरंच सापडायचं नाही. पण त्या वर्षी मावशी घर आवरून कायमची परदेशी, मुलाकडे जाणार होती. या वर्षी नाही, तर मग बहुतेक कधीच नाही. बॅग खाली येऊन पुसून झाली होती. बाबांचा नेहमीचा प्रश्नही विचारून झाला होता.

स्टुडिओत बाबांना पहिल्या रांगेत बसवलं. हातवाऱ्यांनी सुरुवात केली. दोन्ही हातांनी ओठ ताणले, म्हणजे हसा! गाल सुजलेली मंडळी हसायला गेली आणि कळवळली. गंभीर मात्र झकास झाली, ती आधीपासूनच होती. मान डोलवणं झालं, टाळ्या झाल्या. मग हातवाऱ्यांनी गालांवरून बोटं ओघळवली. डोळे ओले करा!

कोणालाच जमेना. अर्ध्या दाढीवाल्याने तर डोळ्यांत बोट घालून पाहिलं. शेवटी हातवाऱ्यांना चक्क तोंड उघडावं लागलं. “अहो, काहीतरी वाईट आठवा! जे झालं तर तुमचं काही खरं नाही, असं काहीतरी डोळ्यांसमोर आणा!”

आणि काय सांगू! माझे बाबा, वजनमापे खात्यातले निरीक्षक, ज्यांना आम्ही आजी गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं, ते त्या रिकाम्या खुर्चीकडे बघता बघता गहिवरले. डोळ्यांतून घळाघळा पाणी! नाक लाल! हातवारे आनंदाने हातवारे करायचेच विसरले. मी मनात म्हटलं, वा, बाबांनी लेकाची लाज राखली.

मग दिवे बंद झाले, मेट्रनबाई आल्या आणि बोलायला लागल्या. त्या काय बोलल्या ते बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही, कारण अंधारात गार हवेत त्यांना मस्त झोप लागली होती. मी घोरणं ऐकून दोनदा खुर्ची हलवली.

कार्यक्रम दाखवायचा तो दिवस आला. आमच्या इमारतीत टीव्ही आमच्याकडेच. डेंटिस्ट आणि त्याची बायको, वरच्या मजल्यावरचा शिंपी आणि शिंपीणबाई, आमची आत्या, न्हावी, सगळे जमले. बाबांनी नवा शर्ट घातला होता, टीव्हीत दिसणारा शर्ट जुना असला तरी! त्यांनी कपाटाची दारं सरकवली आणि मधल्या खुर्चीत बसले.

“प्रेक्षकांच्या उत्स्फूर्त प्रतिसादासह!” ताई म्हणाल्या.

मेट्रनबाई मोठ्या फर्ड्या होत्या. “माझ्या इस्पितळात नर्सला वर्षातून एक महिना रजा होती,” त्या म्हणाल्या. “घरातल्या बाईला का नाही? यंत्रसुद्धा बंद करून तेल घालतात! मी म्हणते, वर्षातून एक महिना तिने उठावं आणि मनाला येईल तिथे जावं. घराचं कसं, म्हणून विचाराल? घराचं घर बघेल!”

आणि पडद्यावर आले बाबा! पडदाभर! डोळ्यांतून धारा लागल्यात, नाक लाल झालंय, जगातलं अंतिम सत्य आज कानावर पडलं असा चेहरा! लगेच पुढच्या तुकड्यात मान डोलवतायत. लगेच टाळ्या! संकलकाने बाबांचा होता नव्हता तेवढा माल एकाच ठिकाणी ओतला होता. त्याचंही बरोबर होतं म्हणा, बाकी सगळ्यांचे गाल सुजलेले.

मेट्रनबाई पुढे बोलत होत्या, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष? सगळे खऱ्या बाबांकडे बघत होते. खरे बाबा तोंड उघडं टाकून टीव्हीतल्या बाबांकडे बघत होते.

आई हळूच म्हणाली, “अहो... तुम्हाला एवढं कळत होतं? मग बोलला नाहीत कधी?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. एका वाक्याचं काम होतं. ‘अगं, ते आधीच टिपलेलं होतं.’ पण समोर सगळी इमारत बसलेली, त्यात न्हावी! न्हाव्याच्या कानावर गोष्ट घालणं म्हणजे ती आकाशवाणीवरून सांगणं. मी बाबांना डोळ्यांनी विनवलं.

“जा,” बाबा म्हणाले. “महिनाभर जा.”

आईने कपाळाला हात लावला, हसली आणि आत निघून गेली. आतून गुणगुणणं ऐकू आलं. आमच्या स्वयंपाकघरातून भांड्यांशिवाय दुसरा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

सगळे गेल्यावर बाबांनी माझा कान धरला. त्या वयात!

“मी हिच्या जाण्यावर टाळ्या कधी वाजवल्या रे?”

“बाबा, त्या रिकाम्या खुर्चीसाठी वाजवल्या होत्यात. पण सांगू नका, माझी नोकरी जाईल!”

“आणि नाही सांगितलं, तर तुझी आई जाईल!” बाबा म्हणाले.

पण आग तेवढ्यावर थांबते कुठली! दुसऱ्या दिवशी डेंटिस्टच्या बायकोने नवऱ्याला विचारलं, “माझी रजा कधी?” शिंपीणबाईंनी विचारलंच नाही, त्या थेट माहेरी गेल्या. शिंप्याने घाईघाईत एका गिऱ्हाइकाच्या पँटला तीन पाय शिवले, असं न्हावी सांगायचा. इमारतीतल्या पुरुषांनी जिन्यात बाबांना गाठलं.

“साहेब, तुम्ही रडलात ते रडलात,” डेंटिस्ट म्हणाला, “पण टाळ्या वाजवायचं काय नडलं होतं?”

“माझी आमटी कोण करणार आता?” शिंपी.

न्हाव्याने तर जाहीरच केलं, “यांची दाढी मी करणार नाही. घरी करा म्हणावं, घरचं सगळं करणारच आहात!”

बाबा बिचारे मान खाली घालून वर आले. वर आई वाट बघत होती. तिने त्यांना स्वयंपाक शिकवायला घेतला होता.

बाबांचं सगळं आयुष्य दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेलं. ‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्या लेखी गुन्हा होता.

“भातात मीठ किती घालायचं?”

“चवीपुरतं,” आई म्हणाली.

“चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम?”

“अहो, चिमूटभर!”

“कोणाची चिमूट? तुझी की माझी?”

शेवटी त्यांनी ऑफिसचा तराजू घरी आणला, शिक्का मारलेली वजनं आणली आणि आईची चिमूट मोजायला घेतली. आईच्या चिमटीत दरवेळी मीठ सारखंच भरायचं. बाबा तराजूकडे बघत राहिले. “इतकी वर्षं दुकानं तपासली,” ते मला म्हणाले, “असं माप नाही पाहिलं.” तो भात मात्र त्यांनी करपवला, कारण वजन करण्याच्या नादात शेगडीकडे लक्ष कोणाचं होतं?

आई हसून हसून बेजार. ती त्या दिवसांत वेगळीच दिसायची. बाबांना चहा देताना दोन घटका थांबायची. आत्याला म्हणाली, “यांच्या मनात माझ्याबद्दल एवढं असेल असं वाटलं नव्हतं हो.” आत्याने ते बाबांना सांगितलं. बाबांनी ते ऐकलं आणि तोंडातला घास तसाच धरून बसले.

तेवढ्यात केंद्रात साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर पत्रांचा ढीग!

“बायकांची पत्रं आहेत. सगळ्यांना तो रडणारा गृहस्थ बघायचाय. ‘आदर्श पती’ म्हणून त्यालाच पाहुणा आणू या! कोण आहे तो?”

मी पत्रांच्या ढिगाकडे बघत म्हटलं, “वडील आहेत माझे.”

“उत्तम! आणि हा भाग लाइव्ह करायचाय. तिसरा कॅमेरा दुरुस्त होऊन आलाय!”

इतकी वर्षं जो कॅमेरा कधी आला नाही, तो नेमका आत्ता! मी घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे दोन प्रश्न विचारले.

“ताई विचारणार, तुम्ही का रडलात. खरं सांगितलं तर?”

“माझी नोकरी जाईल.”

“आणि तुझ्या आईचं?”

आईचं तिकीट निघालं होतं, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं. मावशीला तार गेली होती. आई जायला निघाली होती ती बाबांच्या त्या रडण्याच्या भरवशावर. ते रडणं खोटं निघालं, तर बॅग पुन्हा माळ्यावर जाणार, याची आम्हा दोघांना खात्री होती.

“मग खोटं बोला ना बाबा! एवढं एकदाच!”

“मी लोकांची खोटी वजनं जप्त करतो रे,” बाबा म्हणाले. एवढंच.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी प्रेक्षक गोळा करायची वेळच आली नाही. रांग फाटकाबाहेर गेली होती! पहिल्या रांगेत आई, तिच्या शेजारी आत्या. मी कॅमेऱ्यामागे देव पाण्यात घालून उभा. साहेब वरच्या काचेच्या खोलीत. हातवाऱ्यांना तर आज कामच नव्हतं, तरी सवयीने हात वर करून उभे होते.

“प्रेक्षकांच्या उत्स्फूर्त प्रतिसादासह!” ताई म्हणाल्या, आणि खरंच टाळ्यांचा कडकडाट झाला. “सांगा ना, त्या दिवशी मेट्रनबाईंचे शब्द ऐकून तुमच्या मनात काय दाटून आलं?”

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला.

“मी त्यांचे शब्द ऐकले नाहीत,” ते म्हणाले. “मी झोपलो होतो.”

प्रेक्षक हसले. त्यांना वाटलं गंमत करतोय. ताईही हसल्या. “पण तुमचे अश्रू तर आम्ही सगळ्यांनी पाहिले!”

“ते आधीचे. बाई आल्याच नव्हत्या तेव्हा. समोर रिकामी खुर्ची होती. आम्हाला सांगितलं, रडा. सगळ्यांनाच सांगतात.”

ताईंचं हसू जिथल्या तिथे राहिलं. हातवाऱ्यांनी दोन्ही हातांनी गळा कापल्याची खूण केली, ती ‘थांबवा’ची होती की स्वतःसाठी होती, कोण जाणे. पण लाइव्ह म्हणजे लाइव्ह, थांबवणार कसं? वर काचेमागे साहेबांचं तोंड उघडमीट होत होतं, आवाज येत नव्हता. मी आईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती आणि मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

ताई मोठी कसलेली बाई! त्यांनी हळूच विचारलं, “पण हुकमावर रडू कसं आलं तुम्हाला? बाकी कोणाला तर आलं नव्हतं.”

“मला सांगितलं, वाईट काहीतरी डोळ्यांसमोर आणा. जे झालं तर तुमचं काही खरं नाही, असं. मी खूप शोधलं. नोकरी जाईल, आजारी पडेन... पण त्याने काही होईना. मग मनात आलं, मी ऑफिसातून घरी आलोय, आणि ही घरात नाहीये.”

बाबांचं नाक लाल व्हायला लागलं होतं.

“एवढंच आणलं हो डोळ्यांसमोर. नुसतं दार उघडलं आणि ही नाही. त्या मेट्रनबाई म्हणाल्या हिने जावं, आणि लोकांनी पाहिलं की मी टाळ्या वाजवतोय. अहो, मी तर हिने जाऊ नये म्हणून रडत होतो! हे सांगितलं नसतं, तर माप खोटं झालं असतं.”

तिसरा कॅमेरा आईवर गेला. आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. आत्या तर हमसून हमसून रडत होती. मागे डेंटिस्ट चष्मा पुसत होता. हातवारे, ज्यांनी हजारोंना रडवलं, ते स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे! आणि मी? मलाही काही दिसत नव्हतं. आपल्या आईबापांचं असं काही असतं, हे पोराला कधी कळत नाही, आणि मला कळलं ते सगळ्या जगाबरोबर, लाइव्ह!

ताईंनी विचारलं, “म्हणजे त्यांनी जाऊ नये, असंच तुम्हाला अजून वाटतं?”

“वाटतं,” बाबा म्हणाले. “पण वाटणं माझं आहे. रजा तिची आहे. मला भात येतो आता.”

ताई आईकडे वळल्या. कोणीतरी तिच्यापुढे माइक धरला. आता आई म्हणणार, ‘नाही हो, मी कुठे जात नाही यांना सोडून!’ प्रेक्षकांनी टाळ्यांसाठी हात वर धरलेसुद्धा होते.

आईने डोळे पुसले, नाक पुसलं आणि म्हणाली, “गाडी सकाळची आहे. जरा लवकर संपवाल का? डबा करायचाय अजून.”

आई गेली. बाबा आणि मी तिला पोचवायला गेलो. गाडी हलली तेव्हा बाबा डब्याबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, “शेगडी बंद करायची असते, माहितीय मला!” महिन्याने तिची तार आली, “आणखी पंधरा दिवस राहते.” बाबांनी ती तार चारचारदा वाचली आणि म्हणाले, “बरं आहे. मजेत आहे.” मग तराजू काढून मीठ मोजायला लागले.

माझं काय झालं? साहेबांनी मला काढायचंच ठरवलं होतं. पण पत्रांचा एवढा पाऊस पडला की त्यांना ते जमेना. त्यांनी माझी रवानगी रेडिओवर केली. “तिथे प्रेक्षक लागत नाहीत,” म्हणाले. पुढची सगळी वर्षं मी तिथेच काढली, आणि चांगली काढली.

बाबा जाऊन आता बराच काळ झाला, आईही नाही. परवा मला एकदम वाटलं, बाबांना एकदा पाहावं. आमच्याकडे त्यांचे फोटो आहेत, पण सगळे ताठ बसलेले. हलणारे, रडणारे, टाळ्या वाजवणारे बाबा जगात फक्त त्या एका टेपवर होते. लाइव्ह भाग तर टिपलाच नव्हता, हवेतच गेलेला. मी केंद्राच्या जुन्या टेपांच्या संग्रहालयात गेलो. तिथल्या बाईंनी खूप शोधून टेप काढली, धूळ झटकली, लावली.

पडद्यावर कोंबड्या!

“त्या काळी टेपा महाग हो,” बाई म्हणाल्या. “जुन्यावरच नवीन टिपायचे. यावर कुक्कुटपालन टिपलंय. बंद करू?”

“नको,” मी म्हटलं. “असू द्या.”

मला वाटलं, कोंबड्यांचा कार्यक्रम थोडा लवकर संपला असेल. शेवटी मागचं काही उरलं असेल. एखादी टाळी, निदान नाक. म्हणून मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, पापणी न हलवता, सगळं पाहिलं. शेवटपर्यंत कोंबड्याच होत्या.

तुमच्याकडे कोणी कोंबड्या पाळत असेल आणि त्या एकाएकी माना टाकायला लागल्या, तर मला विचारा. मला आता त्यातलं बरंच कळतं.